गल्ला भरतो, मग पैसा जातो कुठे? छोट्या उद्योगातील हिशेबाच्या चुका

छोटा उद्योग बंद पडला की ‘गिऱ्हाईकच मिळाले नाही’ असे सांगितले जाते. परंतु माझ्या पाहण्यातील अनेक उद्योग गिऱ्हाईक भरपूर असताना, किंबहुना मागणी पुरी करता येत नसताना अडचणीत आले, कारण आपला पैसा नेमका कुठे अडकला आहे हे मालकालाच ठाऊक नव्हते. आमच्या घरच्या फराळाच्या उद्योगाने पहिली दोन वर्षे हेच केले, म्हणून उदाहरण त्याचेच घेतो. शिवणकाम किंवा छपाई करणाऱ्यांचे आकडे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत बदलत नाही.

पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे कच्च्या मालाच्या खर्चालाच वस्तूची किंमत समजणे. समजा, एका दिवसात २० किलो भाजणीची चकली केली. भाजणी १४ किलो, ११० रुपये दराने १,५४० रुपये. चकलीत मुरलेले तेल ६ किलो, १५० रुपये दराने ९०० रुपये. तीळ, ओवा, तिखट, हिंग वगैरे ३०० रुपये. बेरीज २,७४० रुपये, म्हणजे किलोला १३७ रुपये. दुकानदाराला २६० रुपयांनी चकली देताना किलोमागे सव्वाशेच्या जवळपास सुटतात, असे आम्ही मोठ्या समाधानाने म्हणत असू. आता राहिलेले खर्च मांडून पाहा. तळणीत उरलेले आणि पुन्हा वापरता न येणारे तेल १५० रुपयांचे, गॅस २६०, मदतनीस बाईंची मजुरी ५००, दिवसभर सोऱ्या फिरवणाऱ्या घरच्या माणसाची मजुरी ७००, माल पोचवण्याचा रिक्षाखर्च १५०. त्यातच किलोभर चकली मोडून चुरा होते, तेव्हा विकण्याजोगा माल १९ किलोच उरतो; त्याच्या पावशेराच्या ७६ पिशव्यांना प्रत्येकी ६ रुपये धरले तर ४५६ रुपये होतात. एकूण खर्च ४,९५६ रुपये आणि किलोची खरी किंमत जवळजवळ २६१ रुपये. म्हणजे प्रत्येक किलोमागे एक रुपया आम्हीच पदरचा घालत होतो, आणि यात जागेचे भाडे व यंत्राची झीज अजून धरलेलीच नाही.

घरच्या माणसाची मजुरी धरायची कशाला, हा प्रश्न हमखास विचारला जातो. ती व्यक्ती आजारी पडली तर तिच्या जागी पैसे देऊन माणूस आणावा लागेल की नाही, एवढेच स्वतःला विचारावे. उत्तर ‘हो’ असेल तर तो खर्च आजच किमतीत धरलेला बरा. हा तक्ता प्रत्येक वस्तूसाठी स्वतंत्र कागदावर मांडावा आणि तेलाचा भाव हलला की लगेच नव्याने करावा. आमच्याकडे शेव पोसत होती आणि चकली खात होती, हे कागदावर उतरल्याशिवाय कोणाच्याच ध्यानात आले नव्हते.

सवलत देतानाही हाच कागद समोर असावा. ८० रुपयांना पडलेली वस्तू १०० रुपयांना विकताना दहा टक्के सूट दिली, तर ग्राहकाला दहाच टक्के मिळतात, पण आपला निम्मा नफा जातो, आणि तेवढीच कमाई राखण्यासाठी दुप्पट माल विकावा लागतो.

दुसरी चूक गल्ल्याची. शनिवारी मुलाच्या सहलीचे पैसे गल्ल्यातून दिले जातात, रविवारी पाहुण्यांसाठी मिठाई येते, आणि सोमवारी तेलाचा डबा आणायला रोकड कमी पडली की ‘या महिन्यात धंदा मंदा आहे’ असा निष्कर्ष निघतो. उद्योगासाठी बँकेत वेगळे खाते उघडावे, क्यूआर कोडही त्याच खात्याचा लावावा, आणि घरखर्चासाठी महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक रक्कम उचलून ती ‘उचल’ म्हणून वहीत लिहावी. मधेच पैसे लागले तर घेऊ नयेत असे नाही, पण त्याची नोंद त्याच दिवशी व्हावी. रात्री गल्ला मोजून रोजमेळाशी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीशी, ताडून पाहायला दहा मिनिटे लागतात. आठवडाभराने तेच काम करू म्हटले तर दोन तास जाऊनही मेळ बसत नाही.

उधारीविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण उद्योग आतून पोखरला जातो तो इथेच. दिवाळीसाठी डाळी, तेल आणि पिशव्या महिनाभर आधी रोखीने घ्याव्या लागतात, दुकानदार मात्र ‘भाऊबीज होऊ द्या, मग बघू’ म्हणतो. मधल्या दोन महिन्यांचा भार कोणी उचलायचा, हे माल देण्यापूर्वीच ठरले पाहिजे. म्हणून कोणत्या आठवड्यात किती पैसे येतील व किती जातील याचा तक्ता आधी करावा, बिलावर मुदतीची तारीख छापावी, माल उतरवताना चलनावर सही-शिक्क्यासह पोहोच घ्यावी आणि जुनी बाकी चुकती झाल्याशिवाय नवा माल देऊ नये. हे नाते बिघडवणे नव्हे. चोख दुकानदाराला याचे काहीच वाटत नाही, आणि ज्याला राग येतो त्याच्याकडची बाकी एकदा तपासून पाहावी.

कायदाही याबाबतीत उत्पादकाच्या बाजूने आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत; विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येते. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म वा लघु उद्योग म्हणून होणारी सरकारी नोंद, माल देण्याआधीच करून ठेवणे हिताचे. २०२० पासून चालू असलेली ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत होते, त्यामुळे तिचे शुल्क मागणारा माणूस मध्यस्थ आहे असे समजावे. शिवाय पैशाच्या वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, हे विसरू नये. जुन्या बाकीची लेखी कबुली वेळीच घेतली तर ही मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते.

करांबाबत दोनच गोष्टी सांगतो. केवळ माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीसाठी असलेली ४० लाखांची मर्यादा वार्षिक उलाढालीची आहे, नफ्याची नव्हे, आणि हा घोटाळा शिकलेली माणसेही करतात. दुसरे, करपात्र माल राज्याबाहेर विकायचा असेल तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते, त्यामुळे कोल्हापूरच्या उत्पादकाने तासाभराच्या अंतरावरील, पण कर्नाटकात असलेल्या निपाणीच्या दुकानाला एक खोके पाठवले तरी ती आंतरराज्य विक्री ठरते. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक लागतो, तोही पहिल्या विक्रीपूर्वीच घ्यावा.

महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी एक आकडा काढण्याची सवय लावून घ्यावी. हातातील व बँकेतील रोकड, लोकांकडून येणे आणि शिल्लक मालाची खरेदी किंमत यांची बेरीज करून त्यातून आपले देणे वजा करावे. हा आकडा मागील महिन्यापेक्षा जितका वाढला असेल त्यात महिन्याची उचल मिळवली, आणि घरातून नवे पैसे घातले असल्यास ते वजा केले, की खरी कमाई कळते. शिल्लक मात्र अंदाजाने लिहू नये, प्रत्यक्ष मोजावी. आम्ही पहिल्यांदा मोजायला बसलो तेव्हा माळ्यावर छापील पिशव्यांची तीन पोती निघाली. घाऊक दरात स्वस्त पडतात म्हणून घेतलेल्या त्या पिशव्यांवर दोन वर्षांपूर्वीची किंमत मोठ्या अक्षरांत छापलेली होती. आता आम्ही पिशवीवर फक्त नाव छापतो; तारीख, वजन आणि किंमत चिकटपट्टीवर येते.