खोडव्याचं पाचट पेटवू नका, पण नुसतं पसरूनही सोडू नका

ऊसतोडीची टोळी हलली, शेवटची गाडी कारखान्याकडे गेली, की एक-दोन दिवसांत शिवारात कुठं ना कुठं धूर दिसतोच. पाचट, म्हणजे तोडीनंतर रानात उरलेला उसाचा वाळका पाला, पेटवणाऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण त्याला विचारलं तर तो सांगतो, "गेल्या साली ठेवलं होतं, खोडवा पिवळा पडला." खोडव्याची, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडातून पुन्हा फुटलेल्या पिकाची, ही तक्रार खोटी नाही. तो पिवळेपणा कुठून येतो हे कळलं, तर काडी ओढायची गरज उरत नाही.

आधी हिशेब पाहू. एका एकरात सव्वातीन ते चार टन पाचट निघतं. त्यात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे 16 ते 20 किलो धरा. युरियाच्या भाषेत पाऊण ते एक गोणी. पेटवलं की हे नत्र आणि त्याच्या कितीतरी पट सेंद्रिय कर्ब धुरात जातो. राखेत पालाश (पोटॅश) उरतो, हे खरं. पण आपल्या जमिनींना खरी भूक आहे ती कर्बाची.

आता पिवळेपणाचं. 100 किलो पाचटात कर्ब 40 किलोच्या आसपास आणि नत्र जेमतेम अर्धा किलो, म्हणजे कर्ब-नत्राचं प्रमाण 80 ला 1. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण 25 ला 1 असं खाद्य मानवतं. पाचटात नत्र पुरत नाही, मग ते जमिनीतलं नत्र ओढून घेतात. नेमकं त्याच दिवसांत खोडव्याचे कोंब वर येत असतात आणि त्यांच्या ताटातलं जिवाणू खातात. हे नत्र कुठं जात नाही, पाचट कुजलं की पिकाला परत मिळतं. पण तोवर फुटव्यांचे दिवस निघून जातात. म्हणून जिवाणूंची शिदोरी आपणच द्यायची. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक अशी आहे. एकरी धरलं तर 32, 40 आणि 4 किलो. हे पिकाच्या खतात मोजायचं नाही, याचा हिशेब वेगळा.

कामाचा क्रम चुकवू नका. ऊस तुटताच बुडख्यांवरचं, म्हणजे उरलेल्या खुंटांवरचं, पाचट सरीत ओढून बुडखे उघडे करा. ते दबलेले राहिले तर कोंब वाकडेतिकडे आणि पोचट येतात. मग धारदार कोयत्यानं बुडखे जमिनीलगत छाटा. हे काम मजुरीच्या नावाखाली सर्रास टाळलं जातं आणि माझ्या मते खोडव्याचं निम्मं नुकसान इथंच होतं. वरच्या डोळ्यांतून आलेला कोंब कमजोर असतो, जमिनीखालून आलेला जोमदार. छाटल्यावर बुडख्यांवर कार्बेन्डाझिम, 10 लिटर पाण्याला 10 ग्रॅम, फवारून घ्या. सरीतल्या पाचटावर युरिया आणि सुपर फॉस्फेट विस्कटा. संवर्धक मात्र कोरड्या खतात कालवू नका, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून वेगळं पसरा. पाचट पायानं दाबा आणि त्याच दिवशी पाणी द्या. युरिया कोरड्या पाचटावर उन्हात पडून राहिला तर त्यातलं नत्र उडून जातं. पहिलं पाणी सरीतून सावकाश सरकेल, तेवढा धीर धरा. पुढं ओल जास्त दिवस टिकते आणि उन्हाळ्यातल्या पाण्याच्या पाळ्या लांबवता येतात.

पाचट असलेल्या रानात पिकाचं खत वरून फेकण्यात अर्थ नाही, पहारीनं द्या. बुडख्यापासून 10 ते 15 सेंटिमीटरवर, 15 ते 20 सेंटिमीटर खोल भोक पाडायचं आणि दोन भोकांत एक फूट अंतर ठेवायचं. पहिला हप्ता तोडीनंतर 15 दिवसांच्या आत सरीच्या एका बाजूला, दुसरा 135 दिवसांनी दुसऱ्या बाजूला. दर हप्त्याला एकरी युरिया सुमारे 110 किलो, सुपर फॉस्फेट 145 किलो, पोटॅश 38 किलो. माती परीक्षणाचा कागद हाताशी असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त करा.

इतकं करूनही पिवळेपणा दिसला तर पान नीट पाहा. खालची, जुनी पानं सरसकट फिकी असतील तर नत्र कमी पडतंय. कोवळ्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा-पांढरा असेल तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात खोडव्यावर हा केवडा नेहमीचाच. त्यावर युरिया ओतून काही होत नाही. फेरस सल्फेट 10 लिटर पाण्याला 50 ग्रॅम घेऊन फवारा.

खोडवा ठेवायचा तो 15 फेब्रुवारीपर्यंत तुटलेल्या उसाचाच. त्यानंतरच्या तोडीत फुटवे उन्हाच्या तडाख्यात सापडतात. नांग्या, म्हणजे फुटवा न आलेल्या मोकळ्या जागा, जास्त असतील तर ट्रेमधली रोपं वापरून लगेच भरून घ्या, महिन्याभरानं लावलेलं रोप शेजारच्या उसाखाली दबतं.

आणि बांधाला लागून पेटवणारा शेजारी असेल, तर त्या बाजूच्या दोन-तीन सऱ्यांतलं पाचट आत ओढून ठेवा आणि पहिलं पाणी तिकडूनच सुरू करा.