संशोधकाची प्रकाशनसूची आणि उद्धरणसंख्या : या चुका टाळा

वैद्यकीय संशोधकांच्या नियुक्त्या आणि बढत्यांसाठी येणाऱ्या प्रकाशनसूच्या तपासण्याचे काम माझ्याकडे बरीच वर्षे आहे. दर वेळी त्याच चुका समोर येतात आणि दर वेळी त्याच सबबी ऐकाव्या लागतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे संगणकाने तयार केलेली यादी आपलीच आहे असे गृहीत धरणे. एका निवड समितीसमोर बालकांच्या मूत्रपिंडविकारांवर काम करणाऱ्या एका डॉक्टरांचा अर्ज आला होता, आणि त्यात गूगल स्कॉलर या शोधनिबंध शोधण्याच्या सेवेच्या आधारे एच-इंडेक्स (किती शोधनिबंध इतर लेखांत किमान तितक्याच वेळा उद्धृत झाले, म्हणजे संदर्भ म्हणून दिले गेले, तो आकडा) ४१ असल्याचे नमूद केले होते. यादी वाचत खाली गेल्यावर मातीतील फॉस्फरसवरचा एक शोधनिबंध दिसला, त्यानंतर आणखी एक, आणि मग तर त्यांची रांगच लागली. आडनाव आणि आद्याक्षरे तीच असलेल्या एका मृदाशास्त्रज्ञाचे सगळे काम डॉक्टरांच्या नावावर जमा झाले होते, कारण नवे लेख आपोआप जोडण्याची सोय सुरू ठेवून त्यांनी ते पान पुन्हा कधी उघडलेच नव्हते. दोन संध्याकाळी बसून मी प्रत्येक नोंद डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) आणि संस्थेच्या नावाशी ताडून पाहिली, तेव्हा खरा आकडा १७ निघाला. त्यांच्या वयाला आणि विषयाला तो चांगलाच शोभणारा होता. पण तोवर समितीत फसवणुकीची कुजबुज सुरू झाली होती. त्यांनी खोटेपणा केला नव्हता, केवळ आळस केला होता, परंतु समोर बसलेल्यांना हा फरक कळण्याचा काही मार्ग नसतो.

म्हणून आपोआप भर घालण्याची सोय बंद ठेवावी आणि प्रत्येक नवी नोंद स्वतः पाहूनच स्वीकारावी. संशोधकाची ओळख पटवणारा, २०१२ पासून मिळू लागलेला सोळा अंकी ऑर्किड क्रमांक प्रत्येक हस्तलिखितासोबत द्यावा. याउलट चूकही होते : आडनाव बदलल्यामुळे किंवा आद्याक्षरे वेगळी छापल्यामुळे स्कोपस या उद्धरणसूचीमध्ये एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी तयार होतात आणि निम्मे काम दिसतच नाही. मी स्वतः एक साधा तक्ता ठेवतो. त्यात डीओआय, लेखाचा प्रकार आणि लेखकांच्या क्रमातील माझे स्थान एवढेच असते. याला पर्यायी झटपट उपाय विचारणाऱ्यांना मी उत्तर देणे सोडून दिले आहे.

दुसरी चूक तुलनेची आहे. हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये एच-इंडेक्स मांडला. तो २० असणे म्हणजे किमान २० वेळा उद्धृत झालेले किमान २० शोधनिबंध नावावर असणे. गूगल स्कॉलर प्रबंध, पुस्तके आणि प्रीप्रिंट (समीक्षेआधीच खुले केलेले लेख) यांमधील उद्धरणेही मोजत असल्यामुळे तेथील आकडा स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या दुसऱ्या उद्धरणसूचीमधील आकड्यापेक्षा बहुधा मोठा असतो. तरीही एकाचा आकडा इथून आणि दुसऱ्याचा तिथून घेऊन शेजारी मांडणारे महाभाग मी पाहिले आहेत. शिवाय हृदयरोगाच्या संशोधकाची शरीररचनाशास्त्राच्या संशोधकाशी, किंवा तीस वर्षे लिहिणाऱ्याची पाच वर्षे लिहिणाऱ्याशी तुलना या आकड्यावरून करताच येत नाही. रोगांच्या जागतिक भाराविषयीच्या अहवालांना शेकडो सहलेखक असतात आणि हा निर्देशांक त्यांतील प्रत्येकाला सारखेच श्रेय देतो. त्यामुळे पहिला किंवा शेवटचा लेखक म्हणून केलेले काम वेगळे दाखवावे. क्षेत्रांतर्गत तुलना हवीच असेल, तर अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या आयसाइट या संकेतस्थळावरील सापेक्ष उद्धरण गुणोत्तर पाहावे. तेथे १ म्हणजे त्या क्षेत्रातील एनआयएच-अनुदानित शोधनिबंधांच्या मध्यकाइतकी उद्धरणे.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर आपल्या लेखाच्या नावावर लिहू नये. मागील दोन वर्षांतील लेखांना मिळालेल्या उद्धरणांची ती सरासरी असते आणि मोजके बहुउद्धृत लेख ती वर ओढतात. परिषदेतील सारांश पूर्ण शोधनिबंधांत मिसळू नयेत. पबमेड या वैद्यकीय लेखसूचीमध्ये दिसणे हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे. पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्या जर्नलच्या वाटेला जाणाऱ्या उतावळ्यांबद्दल मला सहानुभूती नाही.

उद्धरणे म्हणजे मान्यता, असेही समजू नये. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा १९९८ चा शोधनिबंध लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलने २०१० मध्ये मागे घेतला, तरी तो आजही उद्धृत होतो, आणि अनेकदा खोडून काढण्यासाठीच होतो. यादीतील एखादा लेख मागे घेतला गेला असेल, तर तसे आपणच लिहावे. ते मी शोधून काढले तर मला बाकीच्या यादीवरही विश्वास ठेवता येत नाही.

आकड्याशेजारी स्रोत आणि तारीख नसेल, तर तो अर्ज मी परत पाठवतो. ‘एच-इंडेक्स १७, स्कोपस, १ मार्च रोजी पाहिलेला, स्वतःची उद्धरणे वगळून’ एवढी एक ओळ पुरते.