'तीव्र इच्छा' एवढंच लिहून भागत नाही

इंग्रजीच्या परीक्षेसाठी केलेल्या माझ्या वहीत एक ओळ होती : डिझायर, क्रेव्ह, यर्न, लाँग, कव्हेट, हँकर, पाइन. पुढे महिरपी कंस आणि सातांना मिळून एकच अर्थ, 'तीव्र इच्छा'. एका दमात सात शब्द पाठ झाले म्हणून मी खूश. नंतर एका नोकरीच्या अर्जात ऐटीत 'आय कव्हेट धिस पोझिशन' असं लिहिलं. मुलाखत घेणाऱ्या बाई हसून म्हणाल्या, "त्या जागेवर आत्ता जे बसलेत, त्यांना कळवू का?"

कव्हेट म्हणजे दुसऱ्याच्या वस्तूवर डोळा ठेवणं. बायबलच्या १६११ च्या इंग्रजी भाषांतरात शेजाऱ्याच्या घराचा लोभ धरू नकोस अशी आज्ञा आहे, तिथे हेच क्रियापद येतं. गंमत अशी, की 'कव्हेटेड' हे विशेषण मात्र मानाचं. कव्हेटेड पुरस्कार म्हणजे ज्यावर सगळ्यांचीच नजर आहे असा.

त्या दिवशी कंस खोडला आणि प्रत्येक शब्दाला वेगळा मराठी जोडीदार शोधायला बसले. आपल्याकडे काय कमी आहेत? ओढ, आस, सोस, हाव, चटक, ध्यास, डोहाळे!

क्रेव्हला चटक किंवा तलफ जवळची. गरोदरपणातले डोहाळे म्हणजे क्रेव्हिंग्ज. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता हक्काने मागणं, आणि शरीर मागतं तेही तसंच, विनंती न करता. लाँगमध्ये अंतर असतं. 'लांब' या अर्थाचं लाँग आणि हे क्रियापद एकाच मुळातले. वाट पाहताना वेळ लांबत जातो, हे लक्षात ठेवलं की पुरे. यर्न त्याच जातीचं, पण त्यात तळमळ जास्त. या दोघांत मी अजूनही अडखळते आणि बऱ्याच वाक्यांत दोन्ही चालतात, म्हणून फार डोकं लावत नाही.

पाइन म्हणजे झुरणं. वेदना या अर्थाच्या 'पेन'शी त्याचं नातं आहे, पाइनच्या झाडाशी नाही. हँकर म्हणजे मनातून न जाणारा सोस. लस्ट जपून वापरा. जर्मनमध्ये त्याचा अर्थ साधी इच्छा, मजा असाही होतो, त्यामुळे तिथून आलेला 'वाँडरलस्ट', म्हणजे भटकंतीची ओढ, निरागस आहे. नुसता इंग्रजी लस्ट मात्र बहुधा वासनेकडे किंवा सत्तेच्या हावेकडे जातो. आणि 'येन' दिसला की जपानी चलनच आठवू नका. इच्छेचा येन चिनी भाषेतून आला, अफूच्या तलफेसाठीच्या शब्दावरून.

परीक्षेत गाळलेली जागा भरताना मी आधी जागेच्या पुढचा शब्द बघते. 'फॉर' असेल तर लाँग, यर्न, पाइन. 'आफ्टर' असेल तर हँकर किंवा लस्ट. थेट नामच असेल तर क्रेव्ह, कव्हेट, डिझायर. अपवाद सापडतात, 'हँकर फॉर'सुद्धा लिहितात, पण चार पर्यायांतले दोन तरी एवढ्यावरच गळतात.