२०० मीटरचं वळण: आखणी आणि स्टार्ट

जमैकाच्या डॉन क्वारीने १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये २०० मीटरचं सुवर्ण २०.२३ सेकंदांत जिंकलं. वळणावर पळणं ही त्याची खासियत. परभणी-बीडकडची बरीच पोरं मात्र सरळ डांबरी रस्त्यावरच सराव करतात आणि स्पर्धेत वळणावर बाहेर फेकली जातात.

म्हणून आधी वळण आखा. मैदानात पहार ठोकून तिला ३६.५० मीटर तार बांधा, ताणून धरून फक्की मारा. सुतळी नको, ती ताणली की त्रिज्या बदलते. लेनची पुढची रेघ तिच्या बाहेर १.२२ मीटरवर. अर्धवर्तुळ बसत नसेल तर तुकडाही चालतो. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात. त्या मुरूम टाकून, पाणी मारून धुमसाने दाबा, नाहीतर घोटा गेलाच म्हणून समजा.

स्टार्टिंग ब्लॉक (पाय रेटून निघायचे ठोकळे) लेनच्या बाहेरच्या कडेला, थोडा तिरका, आतल्या रेघेकडे तोंड करून लावा. त्यामुळे सुरुवातीची पावलं सरळ पडतात. पुढचा ब्लॉक स्टार्टच्या रेघेपासून दोन तळपायांच्या लांबीवर, मागचा तीन.

झुकायचं घोट्यापासून, डावीकडे. कमरेत वाकलं की पावलं आखूड पडतात. उजवा हात छातीसमोर जरा आत आला तरी हरकत नाही.