झाडं बघून रस्त्याचं वय कसं काढायचं (मुंबईकरांसाठी)

रोज ज्या रस्त्याने आपण स्टेशनला जातो तो कधी झाला असं विचारलं तर बिल्डिंगमधल्या जुन्या माणसांनाही सांगता येत नाही, पण झाडांवरून बराच अंदाज येतो. मी दादर-माटुंग्यात हे करत फिरते, रविवारी सकाळी सातच्या आत, नंतर गाड्या लागतात आणि खोडापर्यंत पोचताच येत नाही. सोबत शिवणाची टेप, सुतळी, वही आणि मोबाईल एवढं पुरतं. सुतळी यासाठी की टेप दीड मीटरची, मोठ्या खोडाला कमी पडते, म्हणून सुतळी गुंडाळायची आणि मग ती टेपवर मोजायची.

पहिल्यांदा रांग बघा. एकाच जातीची, साधारण एकाच जाडीची झाडं ठराविक अंतरावर असतील तर तो रस्ता कोणीतरी आखून केलाय. 1896 ला मुंबईत प्लेग आला, मग 1898 ला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला आणि दाटीतल्या लोकांना मोकळी जागा मिळावी म्हणून दादर-माटुंग्याकडच्या स्कीम आखल्या गेल्या, रुंद रस्ते, बागा, झाडं सगळं धरून. पारशी कॉलनी मंचेरजी जोशींनी उभी केली आणि त्यांनी रस्त्यागणिक झाड वेगळं ठेवलं, फिरदौसी रोडला महोगनी. तिथे फुटपाथवर महोगनीची लाकडासारखी कवचं पडलेली मिळाली तर उचलाच, आतल्या बीला पंख असतो, हात वर करून सोडली की गरगर फिरत खाली येते, माझ्या भाचीने अर्धा तास दुसरं काही करू दिलं नव्हतं.

मग जात ओळखा, कारण बरीच फसगत इथेच होते. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, युरोपातल्या वनस्पतीवाल्यांनी त्याची नोंदच 1820 च्या दशकात केली, आणि पेशवाई संपली 1818 ला, त्यामुळे कोणी गुलमोहराला पेशव्यांच्या काळातला म्हणालं तर अजिबात मानू नका. रेन ट्री पण बाहेरचा, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, संध्याकाळी पानं मिटतात त्यावरून पटकन कळतो. तो वाढतो फार भराभर, तेव्हा नुसती जाडी बघून शंभर वर्षं म्हणू नका. आणि सोसायट्यांच्या बाहेर सरळ उंच उभा असतो त्याला सगळे अशोक म्हणतात, तो आसुपालव, खरा सीतेचा अशोक वेगळा.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, म्हणजे रांग सोडून उभं असलेलं झाड. एखादी चिंच किंवा वड मध्येच येतो, फुटपाथ त्याला वळसा घालतो, खाली पार, शेंदूर लावलेला दगड, अशा वेळी झाड रस्त्याच्या आधीचं असायची शक्यता बरीच. भिंतीतून किंवा गटाराच्या कडेने आलेला वड-पिंपळ मात्र पक्ष्यांनी आणलेला असतो, तो नंतरचाही असू शकतो. चिंचपोकळी, वडाळा, उमरखाडी, फणसवाडी ही नावं झाडांवरून पडली असं सांगतात, तिथे जाऊन आज त्यातलं एखादं तरी दिसतं का ते जरूर शोधा.

मोजायचं कसं तर जमिनीपासून साडेचार फुटांवर घेर घ्यायचा, 3.14 ने भागला की व्यास. नेटवरच्या वय काढायच्या सूत्रांवर माझा विश्वास नाही, एकाच जातीचं झाड सिमेंटने आवळलेलं असलं की वेगळं वाढतं आणि बागेत वेगळं. त्यापेक्षा ज्या रस्त्याचं साल माहीत आहे तिथलं त्याच जातीचं झाड मोजा आणि त्याच्याशी ताडून बघा.

हे नुसतं हौसेसाठी नाही हो. राज्याच्या वृक्षतोडीच्या कायद्यात 2021 ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून 50 वर्षं किंवा जास्त वयाचं झाड हेरिटेज धरतात, म्हणजे वय दाखवता आलं तर हरकतीला वजन येतं. तोडायच्या आधी झाडावर नोटीस लावतात, हरकत किती दिवसांत द्यायची ते त्यावरच लिहिलेलं असतं, म्हणून दिसली की लगेच फोटो काढा. आमच्या गल्लीतला मोठा रेन ट्री गटाराच्या कामात गेला तेव्हा माझ्याकडे एकही तारीखवार फोटो नव्हता, अजून वाईट वाटतं. आता प्रत्येक झाडाचा वर्षातून एक काढते. फोटोत टेप दिसू द्या आणि मागे दुकानाची पाटी किंवा बिल्डिंगचं नाव येऊ द्या, नाहीतर तीन वर्षांनी हे नक्की कुठलं झाड ते आपल्यालाच आठवत नाही.