रात्री छातीत फडफड सुरू झाली तर (एएफवाल्यांसाठी)

रात्री दीड-दोनला जाग येते आणि छातीत मक्याच्या लाह्या फुटल्यासारखं चाललेलं असतं, दोन पटापट, मग काहीच नाही, मग एकदम तीन. मला एएफ (एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून ठोके अनियमित पडणं) निघून सहा वर्षं झाली, पहिल्या वर्षी मी दर वेळी घरभर लाईट लावून सगळ्यांना उठवायचो, मुलगा बिचारा झोपेतच गाडी काढायचा. आता काय करतो ते लिहितोय.

आधी कूस बदला. डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला जास्त टेकतं, त्यामुळे तेच ठोके जोरात वाटतात, त्यात रात्री पंख्याशिवाय आवाज नाही. उजवीकडे वळा नाहीतर पाठीशी दोन उशा घ्या. माझं बऱ्याचदा इथेच भागतं.

नाही भागलं तर उठून बसा आणि नाडी मोजा, पण पूर्ण एक मिनिट हं. पंधरा सेकंद मोजून गुणिले चार हा हिशोब एएफमध्ये चुकतो, या पंधरा सेकंदांत 18 ठोके आले तर पुढच्या पंधरात 27 येतील. बीपीच्या मशीनचंही तेच, एक आकडा बघून घाबरायचं नाही, तीनदा घ्या आणि सरासरी काढा. घड्याळात ईसीजी असेल तर 30 सेकंदांची पट्टी काढून ठेवा, कारण सकाळी डॉक्टरला "खूप धडधडत होतं हो" सांगून त्यांना काय कळणार. ठोका चुकल्यासारखा वाटून मग एकच जोराचा धप्प, हे बहुतेक वेळा एएफ नसतं, एक ठोका वेळेआधी पडतो आणि मागून जरा थांबा येतो, तेवढंच. तरी वहीत लिहा. वेळ, आकडा, रात्री काय खाल्लं.

या वहीनेच माझं इंदूरच्या सराफा बाजारात जाणं बंद केलं. दागिन्यांची दुकानं मिटल्यावर तिथे खाण्याची जत्रा भरते, आणि थंडीत अकरा वाजता दहीवडा, गराडू (तळलेला कंद), वर रबडी झाली की दोनला फडफड ठरलेली. भरलेलं पोट आणि झोप, दोन्हींत व्हेगस नस (हृदयाचे ठोके मंदावणारा मज्जातंतू) जोर धरते आणि काही जणांचा एएफ नेमका तेव्हाच सुरू होतो. आता संध्याकाळी सहाला छप्पन दुकानला (इंदूरचीच खाण्याची गल्ली) जातो, मित्र हसतात, हसू देत. लग्नातले दोन पेगही वहीत सापडले. चहाला सगळे नावं ठेवतात, पण माझ्या वहीत तरी चहा निर्दोष सुटला!

आणि घोरणं. हे मी वर्षभर हसण्यावारी नेलं, बायको म्हणायची अहो मधेच तुमचा श्वास थांबतो, मी म्हणायचो तुला भास होतात. शेवटी स्लीप स्टडी केली, स्लीप अ‍ॅप्निया निघाला. श्वास अडला की ऑक्सिजन पडतो, हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर ताण येतो आणि एएफला आयतं निमित्त मिळतं. आता मास्क लावून झोपतो, नातू हत्ती म्हणतो, पण रात्री बऱ्याच शांत गेल्यात. घोरत असाल तर डॉक्टरला स्वतःहून सांगा, मला कुणी विचारलंच नव्हतं.

गोळ्यांत स्वतःची अक्कल नको. धडधडलं म्हणून मनानेच मेटोप्रोलॉल (ठोके मंद करायची गोळी) जास्तीची घ्यायची नाही, आधी तसं लिहून दिलं असेल तरच. रक्त पातळ करायची गोळी चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत, आणि आठवडाभर फडफड नाही म्हणून बंदही करायची नाही, एएफ न जाणवताही चालू असतो आणि हृदयात गुठळी काही विचारून होत नाही. कुठल्या आकड्याला, किती वेळ थांबून दवाखान्यात निघायचं तेही डॉक्टरकडून आधीच लिहून घ्या, मला बसल्या जागी मिनिटाला 120 ठोके हा आकडा सांगितलाय.

पण छातीत दुखतंय, धाप लागलीय, शुद्ध हरपली, किंवा तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय, तर वही-बिही सोडा, सरळ 108. मेंदूत गुठळी अडकून लकवा झाला तर ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते द्यायचं की नाही हेच बदलतं. म्हणून गोळीचं नाव आणि शेवटची कितीला घेतली ते मी रोज फ्रीजवरच्या चिठ्ठीत लिहितो, सुनेला दाखवून ठेवलंय, कारण त्या वेळी माझीच जीभ जड झाली असली तर सांगणार कोण.