फोरहँडची ग्रिप निवडताय? या चुका टाळा

शॉट चुकला की टेनिस खेळणारा माणूस आधी रॅकेटच्या तारांकडे बघतो. तारा शाबूत दिसल्या की हातातली पकड बदलतो. पुढचा चेंडू आत पडला तर ‘ग्रिपच चुकत होती’ असा निकाल लागतो, आणि त्याच्या पुढचा बाहेर गेला की गाडी पुन्हा जुन्या पकडीवर. सेट संपेपर्यंत चार ग्रिप वापरून होतात आणि फोरहँड, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या बाजूने मारायचा फटका, होता तिथेच राहतो.

यात माझी स्वतःची दोन वर्षं गेली आहेत. आता सकाळच्या वेळी कोर्टावर नवशिक्यांना शिकवतो, त्यात शाळकरी मुलं असतात आणि चाळिशीत पहिल्यांदा रॅकेट धरणारेही. माझ्यापुरतं एक पक्कं झालंय. फोरहँडची ग्रिप ठरते ती तुम्ही चेंडू कुठे गाठता त्यावरून: किती उंचीवर आणि अंगाच्या किती पुढे. ते न बघता ग्रिप निवडली की पुढच्या सगळ्या गडबडी ओघाने येतात.

ग्रिप नीट न मोजणं

हँडल अष्टकोनी असतं. रॅकेट कडेवर उभी धरा, म्हणजे तारांचा पृष्ठभाग जमिनीला काटकोनात येईल. आता हँडलच्या बुडाकडून बघा. आकाशाकडे तोंड केलेला पैलू म्हणजे क्रमांक १. उजव्या हाताने खेळणाऱ्याने तिथून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजायचं, डावखुऱ्याने उलट. तर्जनी तळहाताला मिळते तिथला सांधा २ वर टेकला तर कॉन्टिनेंटल, ३ वर ईस्टर्न, ४ वर सेमी-वेस्टर्न आणि ५ वर वेस्टर्न.

अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या इंग्रजी ‘व्ही’वरून ग्रिप सांगण्याची पद्धत आहे, पण ती फसवी आहे. बोटं पसरली किंवा मूठ हातोडीसारखी आवळली की तो ‘व्ही’ लगेच सरकतो. सांध्यावरून बघा, आणि करंगळीच्या बाजूची तळहाताची गादीही तपासा. ती साधारण त्याच पैलूवर हवी. सांधा ४ वर आणि गादी २ वर असेल तर ती कुठलीच ग्रिप नाही. तशा पकडीत मनगट प्रत्येक फटक्याला वेगळं वागतं.

‘रॅकेटशी शेकहँड करा’ हा जुना सल्ला चांगला आहे, त्याने हात ईस्टर्नवर येतो. पण त्यासाठी रॅकेट कडेवर उभी असावी लागते. बाकावर आडवी पडलेली रॅकेट वरून उचललीत तर हातात थेट वेस्टर्न येते, तवा धरल्यासारखी. ‘मी शेकहँडच केला’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण तवा धरून उभे असतात.

बॅडमिंटनचा आणि क्रिकेटचा हात तसाच घेऊन येणं

आपल्याकडे मोठेपणी टेनिसला येणारा माणूस बहुधा सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टावरून किंवा क्रिकेटच्या मैदानावरून येतो. दोन्हीकडच्या सवयी वेगळ्या, त्यामुळे दोघांचे आजारही वेगळे.

बॅडमिंटनवाल्याची पकड २ च्या आसपास असते, बोटं सैल आणि सगळी जादू मनगटात. शटल जेमतेम पाच ग्रॅमचं. टेनिसचा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा, म्हणजे दहापटीहून जड, आणि रॅकेटही तीनशे ग्रॅमच्या घरात. मनगटाच्या झटक्याने तो चेंडू जातो, नाही असं नाही, पण रोजचा तास भरला की कोपर बोलायला लागतं. शिवाय कॉन्टिनेंटलमध्ये रॅकेटचं तोंड फोरहँडला किंचित आकाशाकडे उघडं राहतं. ते झाकायला हा माणूस शेवटच्या क्षणी मनगट वळवतो. जमलं तर फटका सुरेख, हुकलं तर चेंडू मागच्या कुंपणावर. लक्षण ओळखायला सोपं आहे. गुडघ्याजवळचे, हळू आलेले चेंडू छान परततात आणि कमरेच्या वर उसळलेला प्रत्येक चेंडू लांब जातो. अशा खेळाडूने एकदम ४ वर उडी मारू नये. आधी ३ वर यावं, काही आठवडे तिथेच राहावं. पुष्कळांना पुढे जायची गरजच पडत नाही.

क्रिकेटवाल्याची गोष्ट उलटी. कंबर वळवून मारणं त्याला शिकवावं लागत नाही, पुलच्या फटक्याने ते काम आधीच केलेलं असतं. पण लहानपणापासून त्याच्या कानावर ‘उशिरा खेळ, डोळ्याखाली खेळ’ हेच पडलेलं असतं. टेनिसच्या फोरहँडमध्ये चेंडू पुढे गाठावा लागतो आणि ग्रिप जितकी वेस्टर्नकडे, तितका अधिक पुढे. सेमी-वेस्टर्न धरून चेंडू मांडीपाशी येऊ दिला तर रॅकेटचं तोंड अजून जमिनीकडे झुकलेलं असतं. हात पुढे सरकल्यावरच ते उभं होतं. मग चेंडू जाळ्यात, नाहीतर बाजूच्या कोर्टात. इथे दोष ग्रिपला लागतो, पण सुधारायची असते गाठण्याची जागा.

नदालचा हात, क्लबचा चेंडू

आवडत्या खेळाडूची ग्रिप उचलणं ही सगळ्यात गोड चूक. नदालचा हात सेमी-वेस्टर्नच्याही पुढे झुकणारा, जोकोविचचा वेस्टर्नला भिडलेला, फेडररचा ईस्टर्नच्या जवळचा. तिघांनी मिळून ६६ ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदं जिंकली, तेव्हा ‘सर्वोत्तम ग्रिप कोणती’ या वादाचा निकाल यांच्याकडून लागणार नाही. नदालच्या फोरहँडवर मिनिटाला सरासरी सुमारे ३,२०० फेऱ्यांचा टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने मिळणारी फिरकी, मोजला गेला होता. त्यामागे पाय, खांदा आणि रॅकेटचा वेग आहे. आपण त्यातला फक्त हँडलवरचा हात घेतो आणि चेंडू स्वतःच्याच सर्व्हिस बॉक्समध्ये पाडतो.

या ग्रिपची नावंच मुळात चेंडूच्या उसळीतून आली आहेत. ईस्टर्न अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची, तिथे हिरवळीवर चेंडू कमरेखाली राहायचा. वेस्टर्न कॅलिफोर्नियातली, तिथे सिमेंटच्या कोर्टावर तो खांद्यापर्यंत उडायचा. सॅन फ्रान्सिस्कोचा बिल जॉन्स्टन अंगाने किरकोळ, पण वेस्टर्न फोरहँडच्या जोरावर त्याने १९१५ आणि १९१९ ची अमेरिकन स्पर्धा आणि १९२३ चं विम्बल्डन जिंकलं. टोकाचं उदाहरण हवं तर अल्बर्टो बेरासातेगीचं घ्या. या स्पॅनिश खेळाडूची ग्रिप वेस्टर्नच्याही पलीकडची होती. फोरहँड आणि बॅकहँड तो रॅकेटच्या एकाच बाजूने मारायचा. १९९४ मध्ये तो फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला, लाल मातीवर, जिथे चेंडू उंच आणि निवांत येतो.

आता तुमच्या कोर्टाकडे बघा. चेंडूंचा डबा महिन्यापूर्वी फोडलेला, लव गेलेली, हवा बसलेली, उसळी मांडीएवढी. समोरचे आजोबा स्लाइस करून, म्हणजे चेंडू खालून कापून, तो घोट्यापाशी ठेवतात. तिथे वेस्टर्न धरून उभं राहणं म्हणजे फावड्याने चहा ढवळणं. ज्या उसळीवर तुम्ही आठवड्यातले बहुतेक चेंडू खेळता, ती ग्रिप ठरवते. मांडी ते कंबर असेल तर ३, कंबर ते छाती असेल तर ४, आणि सगळं खांद्याजवळ येत असेल तरच ५ कडे बघा.

याच्या उलट बाजूने येतो क्लबातल्या ज्येष्ठांचा सल्ला. ‘एकच ग्रिप ठेव, कॉन्टिनेंटल, आम्ही सगळं त्यानेच खेळलो.’ ते खरं बोलतात. त्यांच्या लाकडी रॅकेटचं तोंड सत्तर चौरस इंचांच्या आतबाहेर असायचं, तारा नैसर्गिक आतड्याच्या किंवा नायलॉनच्या. त्या साधनावर चेंडू खालून वर घासत मारणं जुगार होता. आजच्या रॅकेटचं तोंड साधारण शंभर चौरस इंचांचं. त्यात पॉलिएस्टरच्या तारा आल्या. १९९७ मध्ये गुस्तावो कुएर्तेनने त्या वापरून फ्रेंच ओपन जिंकलं, तेव्हापासून त्यांचा बोलबाला झाला. जोरात मारूनही टॉपस्पिनने चेंडू आत पाडता येऊ लागला आणि हात पैलूपैलूने खाली सरकत गेले. ज्येष्ठांकडून व्हॉली, म्हणजे टप्पा पडू न देता मारायचा फटका, शिका, तिथे कॉन्टिनेंटल आजही बरोबरच आहे.

मुलांच्या हातात मोठ्यांचं सामान

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे लागलेली सवय पुढे दहा वर्षं पुरते.

आठ वर्षांच्या मुलासमोर साधा पिवळा चेंडू टाकला की तो त्याच्या डोक्याच्या उंचीला येतो. बिचारं पोर काय करणार? तेवढ्या उंचीवर रॅकेटचं तोंड सरळ ठेवायचं तर हात हँडलखाली सरकवावाच लागतो. तो ५ वर जातो, कधी त्याच्याही पुढे. कुंपणाबाहेर बसलेले आईबाबा खूश, ‘आमचा आत्ताच टॉपस्पिन मारतो!’ तो टॉपस्पिन मारत नसतो, चेंडूपासून स्वतःला वाचवत असतो. पुढे उंची वाढते, उसळी कमरेशी येते आणि हात मात्र तिथेच चिकटलेला राहतो. मग चौदाव्या वर्षी खालचे चेंडू उचलताना तारांबळ.

इथे ग्रिप दुरुस्त करायला जाऊ नका, चेंडू बदला. लाल, केशरी आणि हिरव्या ठिपक्याचे चेंडू याचसाठी आहेत. ते कमी दाबाचे असतात, हळू येतात आणि कमी उसळतात. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांमध्ये पिवळा चेंडू बंद करून हेच चेंडू सक्तीचे केले. लाल चेंडू मुलाच्या कमरेशी आला की हात न सांगता ३-४ वर स्थिरावतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

दुसरं म्हणजे रॅकेट. गणवेश जसा दोन इंच मोठा शिवतो, ‘वाढत्या अंगाचा’, तशीच रॅकेटही मोठी घेतली जाते. मुलांसाठी २१, २३, २५, २६ इंच अशी मापं मिळतात. मोठ्यांची २७ इंची रॅकेट लहान हाताला तोलत नाही. मग मुलं हँडल वर सरकून धरतात किंवा दोन्ही हात लावतात. त्या स्थितीत ग्रिपबद्दल बोलणं व्यर्थ आहे.

जाडी, घाम आणि आवळलेली मूठ

हँडलची जाडी चुकली तर बरोबर ग्रिपही टिकत नाही. रॅकेट ईस्टर्नमध्ये धरा आणि अनामिका व तळहात यांच्यामधल्या फटीत दुसऱ्या हाताची तर्जनी घालून बघा. ती अलगद बसली तर माप ठीक. शिरतच नसेल तर हँडल बारीक आहे आणि जागा उरत असेल तर जाड. दोन मापांमध्ये अडलात तर बारीक घ्या, वर ओव्हरग्रिप, म्हणजे पातळ पट्टी, गुंडाळून जाडी वाढवता येते. जाड हँडल तासून देणारा कारागीर सहसा सापडत नाही.

मुंबई-कोकणाच्या दमट हवेत आणखी एक भानगड असते. ओव्हरग्रिप घामाने गुळगुळीत होते आणि फटक्याच्या धक्क्याने रॅकेट हातातल्या हातात अर्धा पैलू फिरते. पहिल्या सेटला बरा चाललेला फोरहँड दुसऱ्या सेटला बिघडत असेल तर तंत्राचा विचार करण्याआधी ओव्हरग्रिप बदला. रॅकेट फिरू नये म्हणून मूठ करकचून आवळली की हाताच्या पुढच्या भागाचे स्नायू ताठरतात आणि रॅकेटचा वेग मरतो. उपाय साधा टॉवेल.

एकदा धरली की सोडायचीच नाही

फोरहँडची ग्रिप तीच व्हॉलीला, तीच सर्व्हिसला. सेमी-वेस्टर्नने व्हॉली केली की चेंडू जाळ्याच्या तळाशी. ग्रिप बदलायला वेळ मिळत नाही अशी तक्रार ऐकली की मी त्या माणसाचा डावा हात बघतो. तो बहुतेक वेळा मोकळा लोंबत असतो. दोन फटक्यांच्या मधे डावा हात रॅकेटच्या गळ्याशी हवा. हँडल तो फिरवतो, उजव्याने फक्त क्षणभर सैल व्हायचं. खांदे वळायला लागतात तेवढ्यात हे काम होऊन जातं. घरी टीव्हीसमोर बसून, हँडलकडे न बघता, २ ते ४ आणि परत असं फिरवत राहा. घरचे वैतागतील, पण बोटांना पैलू ओळखू यायला लागतील.

मग माझी ग्रिप कोणती?

कोर्टाच्या कुंपणाजवळ जा. चेंडू जिथे गाठायला तुम्हाला आवडतो त्या उंचीवर, पुढच्या पायाच्या थोडं पुढे, रॅकेटचं तोंड कुंपणाला सपाट टेकवा आणि जोर लावून ढकला. तळहात हँडलच्या मागे येऊन मनगट न दुमडता जोर पोचतो, ती तुमची ग्रिप. आता तीच जागा एक वीत खाली आणि एक वीत वर करून बघा. ४ वर धरून खाली गेलात की मनगट कुरकुरतं आणि २ वर धरून वर गेलात की ताकदच लागत नाही. कुठली ग्रिप कुठे संपते हे तिथे हाताला कळतं.

बदल करायचा ठरला तर एकावेळी एकच पैलू, खरं तर अर्धाच. पहिले काही दिवस सर्व्हिस लाइनवरून हळू मिनी टेनिस, मग हाताने टाकलेले चेंडू, मग बेसलाइन. या काळात गुण मोजून खेळू नका. स्कोअर आला की हात जुन्या घरी परत जातो. हँडलवर सांध्याच्या जागी पेनाने ठिपका काढून ठेवा. मोबाइल कुंपणाला बांधून बाजूने चित्रण करा आणि चेंडू तारांना लागतो ती चौकट थांबवून बघा. ठिपका जागेवर आहे आणि तरी चेंडू कंबरेच्या मागे लागतोय, असं दिसलं तर हँडलला हात लावू नका. रॅकेट मागे नेणं लवकर सुरू करा, चेंडू तुमच्या बाजूला टप्पा घेण्याआधीच, आणि पाय हलवा.